‘हा’ गावचा नाताळ आणि हसलेले अनारसे

जालनेकरीण
९ डिसेंबर, रात्री ९.४०

सलाम मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचत होते, आज अडले म्हणून लिहितेय.

बदलीचा कागद आला तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "कोणत्या गावाला?" हे म्हणाले, "हा."
"हा म्हणजे कोणता?"
"हाच."
"आरं पण हा कोणता?"
बराच वेळ हेच चाललं. शेवटी सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "गावाचं नावच हा असंल. कामून भांडायलाव?"

तर ते हा. भूतानच्या पश्चिमेचं खोरं, उंची साधारण २,७०० मीटर. भूतानच्या सैनिकांना शिकवणारी आपल्या सैन्याची तुकडी, इम्ट्राट, इथे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे. युनिट, क्वार्टर, कोण कधी कुठे जातं, यातलं अक्षरही लिहायचं नाही असं घरातून बजावलंय, तेव्हा ते विचारू नका. जालन्याहून मनमाड, मनमाडहून हावडा मेल, मग सियालदहवरून कांचनकन्येने हासीमारा, तिथून जयगाव, आणि एक कमान ओलांडली की फुन्तशोलिंग, म्हणजे परदेश. पुढे दिवसभर घाट. धाकटा प्रत्येक वळणाला ओकला.

आता अडचण. आम्ही मराठी ख्रिस्ती. जालन्यात आमचा नाताळ म्हणजे पंधरा दिवस आधीपासून बांबूच्या काड्यांची चांदणी, तिला पतंगाचा कागद, आत बल्ब. पोरं ढोलकी, पेटी, झांजा घेऊन गल्लीगल्लीतून फेरी काढतात. घरात करंज्या, शंकरपाळे, चिवडा, बेसनाचे लाडू. आणि अनारसे, कारण आमच्या सासूबाईंचं म्हणणं की अनारशाशिवाय नाताळ म्हणजे सुट्टीचा दिवस. इथे तर तो सुट्टीचा दिवससुद्धा नाही.

या वर्षी अनारसे मी करायचे ठरवलेत. तीन दिवसांपूर्वी तांदूळ भिजत घातले. पाणी रोज बदलतेय. पण आंबूस वासाचा पत्ता नाही. आज सकाळी पातेल्यावर काचेसारखा पापुद्रा होता, बोट लावलं तर टच्चकन फुटला. बर्फ! स्वयंपाकघरात! सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना. थंडीच्या ठिकाणी कुणी अनारसे केलेत का?


परभणीची_काकू
९ डिसेंबर, रात्री १०.०५

अगं बाई, तांदूळ आहेत, कुल्फी नव्हे! आधी ते पातेलं आत घे. बुखारी, खोली गरम करायची शेगडी, असेल ना खोलीत? तिच्या जवळ ठेव, पण चिकटून नको, नाहीतर खालचे तांदूळ शिजतील. पाणी कोमट घाल. वरून घोंगडी गुंडाळ. आमच्याकडे तीन दिवस लागतात, तुला पाच लागतील, सहा लागतील. दिवस मोजू नकोस, वास घे. तांदळाचा दाणा दोन बोटांत चुरला की झालं.

मग निथळून फडक्यावर सावलीत पसर. अगदी कोरडे करायचे नाहीत, हाताला गारवा लागला पाहिजे. वाटून, चाळून, गूळ. पुढचं नंतर सांगते, इथे लाइट जायलीय.


शंकासुर
९ डिसेंबर, रात्री ११.२०

प्रामाणिक शंका. करंज्या, अनारसे हा तर दिवाळीचा फराळ. ख्रिश्चन लोक नाताळला केक करतात ना? की आर्मीत मिक्स होतं सगळं?


जालनेकरीण
१० डिसेंबर, सकाळी ८.१५

शंकासुर, रागावत नाही, पण हा प्रश्न मला शाळेपासून विचारतात. आमच्या पणजीने ओव्हन पाहिला नव्हता. तिच्याकडे चूल, कढई आणि पोळपाट होतं, त्यात जे होतं ते तिने सणाला केलं. केक आमच्या घरात आला तो बेकरीतून, माझ्या लहानपणी, तोही पिवळा आणि वर चेरी लावलेला. इथे मात्र युनिटच्या कॅन्टीनमधली रम मनुकांवर ओतून ठेवलीय, तेव्हा केकही होणार. तुमच्या वाटणीची मनुका काढून ठेवते.

काकू, पातेलं बुखारीपाशी नेलं. यांचं जुनं फौजी ब्लँकेट गुंडाळलंय. थोरली म्हणते, तांदळाला ताप आलाय का?


छावणीवाला
१० डिसेंबर, सकाळी १०.५०

जालनेकरीणबाई, तुमचं घर मूळ बेथेलकडचं का? नसलं तरी नव्या लोकांसाठी सांगतो. रेव्हरंड नारायण शेषाद्री, जन्माने ब्राह्मण, १८४३ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी जालन्याजवळ निजामाच्या मुलखात जमीन मिळवून बेथेल हे गाव वसवलं. नवख्रिस्ती कुटुंबांना वाळीत टाकलं जायचं, विहिरीवर पाणी मिळायचं नाही, म्हणून वेगळं गावच उभं केलं. आणि हेच शेषाद्री १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या परिषदेत डोक्याला पागोटं बांधून इंग्रजीत बोलून आले. त्या काळात जालन्याचा माणूस पागोट्यासकट अमेरिकेत! आपल्याकडे कुणाला पत्ता नाही.

दुसरं म्हणजे, मराठवाडा आणि फौज यांचं नातं लोक समजतात त्याहून जुनं आहे. जालना, औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई, या सगळ्या हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने इंग्रज अधिकाऱ्यांनी चालवलेल्या फौजेच्या, छावण्या. त्या फौजेच्या पायदळाची पुढे हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ मध्ये तिचं नाव पडलं कुमाऊँ रेजिमेंट. म्हणजे आज रानीखेतला ज्यांचं केंद्र आहे त्यांची एक मुळी आपल्या काळ्या मातीत आहे.


शंकासुर
१० डिसेंबर, सकाळी ११.०२

औरंगाबाद नाही, छत्रपती संभाजीनगर.


छावणीवाला
१० डिसेंबर, सकाळी ११.०४

छावणीच्या काळातलं लिहितोय. तुम्ही तांदूळ भिजवा.


बालाघाट
१० डिसेंबर, दुपारी ३.३०

ताई, तुम्ही नशीबवान. फॅमिली सोबत आहे. मी केजचा, पायदळातून हवालदार म्हणून रिटायर. संयुक्त राष्ट्रांच्या मिशनला फॅमिली नेता येत नाही. निळी टोपी घालायची, नव्वद दिवस झाले की मेडल, आणि घर फोनवर.

२०१३ चा डिसेंबर. दक्षिण सुदान. देश होऊन अडीच वर्षंबी झाली नव्हती. १५ तारखेला राजधानी जुबात गोळीबार सुरू झाला आन चार दिवसांत सगळीकडं पेटलं. १९ ला अकोबोच्या तळावर जमाव चालून आला, त्यात आपले दोन जवान गेले. आम्ही मलाकालला होतो, पांढऱ्या नाईलच्या काठाला. २४ ला आमच्याकडं सुरू झालं. माणसं पोरंबाळं, शेळ्या, खाटा घेऊन तळाच्या तारेच्या आत येऊ लागली. किती ते मोजलं नाही. उभं राहायला जागा नव्हती.

तिथली बहुतेक माणसं ख्रिस्ती. २५ च्या रात्री एका बाईनं खुणेनं मेणबत्ती मागितली. माझ्याकडं कुठली. टॉर्च दिली. तिनं ती जमिनीत उभी रोवली, वरून पाण्याची रिकामी प्लॅस्टिकची बाटली पालथी घातली. उजेड पांढरा फटक पसरला. त्याच्याभोवती बाया-पोरं बसली आन गाऊ लागली. टाळ्यांचा ठेका असा की आमच्या गावच्या भजनाला बसल्यावानी वाटलं. भाषा कळत नव्हती. बाहेर मधूनच फायर व्हायचा, तेवढ्यापुरतं थांबायचे, परत सुरू.

इकडं केजला टीव्हीवर खालून पट्टी सरकायली, ‘दक्षिण सुदानमध्ये दोन भारतीय जवान शहीद’. नाव नाही, पलटण नाही. फोन लागेना. मंडळी दोन दिवस टीव्हीपुढून उठली नाही. आईनं जेवण सोडलं. माझा फोन लागला तवा आईचा पहिला प्रश्न, "जेवलास का?"

टॉर्च परत मागायचं माझ्यानं झालं नाही. स्टोअरमध्ये हिशेब द्यावा लागला.


परभणीची_काकू
१० डिसेंबर, दुपारी ४.१०

दादा.


नांदेडची_लेक
११ डिसेंबर, पहाटे २.४५

बालाघाट दादांचं वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटेना.

मी नांदेडची, सध्या जर्मनीत बव्हेरियातल्या विल्सेकला. नवरा अमेरिकी सैन्यात सार्जंट. तोही आपलाच, नांदेडच्या वजिराबादचा. ग्रीनकार्डावर भरती झाला, नागरिकत्व नंतर मिळालं. आम्ही ख्रिस्ती नाही, पण आमच्या तळावर डिसेंबरात नाताळापासून लांब राहायचं म्हटलं तरी जमत नाही. दारादारात झाडं, कमिसरीत टर्की, शाळेत नाटक. कमिसरी म्हणजे तळावरचं किराणा दुकान, आपल्या कॅन्टीनची मोठी बहीण.

जर्मन लोकांचं वेगळंच. ६ डिसेंबरला संत निकोलस येतो, पोरं आदल्या रात्री बूट घासूनपुसून दाराबाहेर ठेवतात, सकाळी त्यात अक्रोड, संत्री, चॉकलेट. माझ्या लेकीने पहिल्या वर्षी बाबाचे फौजी बूट ठेवले. मोठे म्हणून. खरी भेटवस्तू ते लोक २४ च्या संध्याकाळीच उघडतात. त्या दिवशी दुपारीच दुकानं बंद होतात, पुढे २५ आणि २६ दोन्ही दिवस सुट्टी. पहिल्या वर्षी आम्हाला माहीतच नव्हतं, तीन दिवस खिचडी खाल्ली.

पार्सलची गंमत सांगते. आमचा पत्ता जर्मनीचा नसतो, लष्करी टपालाचा असतो, एपीओ एई आणि पुढे आकडे. अमेरिकेतून कुणी पाठवलं तर खर्च देशातल्या देशात पाठवल्याएवढाच. म्हणून आईचा चिवडा नांदेडहून आधी टेक्सासला दीराकडे जातो आणि तिथून समुद्र ओलांडून परत इकडे. अर्ध्या पृथ्वीची प्रदक्षिणा. साध्या टपालाने नाताळापर्यंत पोचायला हवं असेल तर नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच टाकावं लागतं. कस्टमच्या फॉर्मवर आत काय ते लिहायचं असतं. शंकरपाळ्यांना दीर ‘कुकीज’ लिहितात, चकलीला पण ‘कुकीज’ आणि एकदा लोणच्यालाही लिहिलं होतं. लोणचं फुटलं. कुकीजमधून तेल कसं गळतंय म्हणून पोस्टातल्या बाईने मला बोलावून घेतलं.

मागच्या नाताळात नवरा पोलंडला रोटेशनवर होता. शेजारच्या क्वार्टरमधली बाई, तिचाही नवरा तिकडेच, ती संध्याकाळी झाडाचं खोकं घेऊन आली आणि म्हणाली, माझ्याने हे एकटीने लावणार नाही. आम्ही दोघींनी लावलं. वरचा तारा सापडेना तेव्हा माझ्या दिवाळीच्या आकाशकंदिलाची शेपटी तोडून बांधली. ती अजून तिच्याकडेच आहे.


येळवस
११ डिसेंबर, सकाळी ९.३०

जालनेकरीण ताई, मी लातूरची. भूतानचं थोडं वाचलंय म्हणून विचारते, हा खोऱ्यात ‘लोम्बा’ नावाचा सण असतो ना? तिथलं नवं वर्ष. त्यांच्या दहाव्या महिन्याच्या २९ तारखेला, म्हणजे अमावस्येच्या तोंडावर. आमची येळवस, वेळ अमावस्या हो, तीही मार्गशीर्ष अमावस्येची. शेतात कडब्याची कोपी, पाच पांडव, भज्जी, आंबील, उंडे, आणि गावात चिटपाखरू नाही. मला नेहमी वाटतं, थंडीच्या या काळोख्या टोकाला सगळ्यांनाच काहीतरी गोडधोड करून पेटवावंसं वाटत असणार. तुमच्याकडे बघा काय होतं ते आणि लिहा. फोटो चालतील.


जालनेकरीण
१५ डिसेंबर, संध्याकाळी ७.००

काकू, वास आला! सहाव्या दिवशी. कोंदट, आंबूस, अगदी सासूबाईंच्या माजघराचा. ह्यांनी घरात पाऊल टाकताच विचारलं, "कुणाचे मोजे?" मी इतकी खूश की चिडलेच नाही.

पीठ मिक्सरवर दळलं, तीनदा चाळलं. गूळ जयगावहून आणलेला, जरा ओलसर आहे. पिठाइतकाच घातला. चमचाभर तूप. गोळे करून डब्यात भरले, डबा ब्लँकेटमध्ये. खसखस घरून आणली होती.


दुबईकर_अंबडचा
१५ डिसेंबर, संध्याकाळी ७.४०

खसखस जपून. इकडे आमिरातीत ती आणायला बंदी आहे, माझ्या मामेभावाला विमानतळावर चांगलंच समजावून सांगितलं होतं. आम्ही अनारशांना तीळ लावतो. बायको म्हणते ते अनारसे नव्हेत, पण खाते.


परभणीची_काकू
१५ डिसेंबर, रात्री ८.१५

गूळ ओलसर आहे आणि बरोबरीने घातलास? हं. बघू. पाच-सहा दिवस हात लावू नकोस.


छावणीवाला
१६ डिसेंबर, सकाळी १०.००

बालाघाट यांचं वाचून एक जुनी गोष्ट आठवली. ७ डिसेंबर १९१५ पासून इराकातल्या कुत इथे तुर्कांनी ब्रिटिश-हिंदी फौजेला वेढा घातला. आत ज्या पलटणी अडकल्या त्यांत मराठा पलटणी तीन, १०३, ११० आणि ११७. नाताळच्या आदल्या दिवशी, २४ डिसेंबरला, तिथल्या किल्ल्यावर मोठा हल्ला झाला. तो परतवला, पण वेढा सुटला नाही. २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीने शरण जावं लागलं.

आणि त्याच्या आदल्या वर्षी, १९१४ च्या नाताळात, ब्रिटनच्या राजकन्या मेरीच्या नावाने आघाडीवरच्या सैनिकांना पितळी डब्या वाटल्या गेल्या. गोऱ्यांना त्यात तंबाखू, सिगारेट. हिंदी शिपायांचा विचार करून त्यांच्या वाट्याला खडीसाखर आणि मसाल्याची छोटी डबी. मसाला! फ्रान्सच्या चिखलात, बर्फात कुणीतरी ती डबी उघडून नुसता वास घेतला असेल. बाईंच्या माजघराच्या वासावरून आठवलं.


नांदेडची_लेक
१६ डिसेंबर, दुपारी १.१५

काका, तुम्ही कुठूनही सुरू केलंत तरी १९१५ ला पोचता. पण मसाल्याच्या डबीचं आवडलं. आईला सांगते, लोणच्याऐवजी काळा मसाला पाठव. फॉर्मवर ‘कुकीज’.


जालनेकरीण
२० डिसेंबर, रात्री ९.३०

येळवस ताई, तुमचा लोम्बा झाला! आणि मी अजून त्याच्यातून बाहेर आले नाहीये.

आदल्या संध्याकाळी दार वाजलं. बाहेर सात-आठ पोरं, गालांवर लाल चट्टे, टोप्या कानापर्यंत, आणि एका सुरात काहीतरी म्हणतायत. त्याला ‘लोले’ म्हणतात. घरोघर जायचं, घराचं भलं चिंतायचं, घरमालकाने खायला द्यायचं. थोरली माझ्या मागून डोकावली आणि म्हणाली, "आई, फेरी आली!" मला एकदम भरून आलं, कारण जालन्यात आमच्या गल्लीत फेरी शिरताना आधी ढोलकी ऐकू यायची आणि आम्ही असंच ओरडत दाराशी पळायचो. घरात होते तेवढे शंकरपाळे दिले. एका पोराने एक चावून बघितला, मग आख्खी मूठ खिशात.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आंगे आल्या. आंगे म्हणजे आजी. हिंदी तोडकीमोडकी, पण आमचं जमतं. त्यांच्या हातात ताटली, वर फडकं. फडकं काढलं आणि मी बघतच राहिले. करंज्या! अर्धचंद्र, कडेला मुरड, अगदी सासूबाईंच्या हातची. उचलली तर गरम, रंग करडा. त्याला ‘होएन्तेय’ म्हणतात. कुट्टूच्या, म्हणजे उत्तरेकडे उपासाला खातात त्या पिठाची पारी. आत सलगमचा सुका पाला, चीज, मिरची. गोड नाही, चांगली झणझणीत. यांनी चार खाल्ल्या आणि म्हणाले, "यात आपला येसर मसाला घातला असता तर मी इथंच राहिलो असतो."

मग मी आंगेंना आत घेतलं. नाताळच्या करंज्यांचं पुरण तयारच होतं, सुकं खोबरं, रवा, पिठीसाखर, वेलची. पोळपाट मांडला. मी लाटून भरून दिलं, त्यांनी मुरड घातली. माझी मुरड कातणीने. त्यांची नुसत्या अंगठ्याने, आणि इतकी बारीक की मला लाज वाटली. चाळीसेक झाल्या. पहिल्या तळलेल्या करंजीचा त्यांनी घास घेतला, थांबल्या, आत बघितलं. "मीठा?" अशा आवाजात विचारलं, जणू मी त्यांना फसवलंय. मग दुसरी घेतली.

शंकासुर, ऐकताय ना? दिवाळीची करंजी म्हणे.


शंकासुर
२० डिसेंबर, रात्री १०.१०

ऐकतोय. माझी मनुका कुठंय?


येळवस
२१ डिसेंबर, सकाळी ७.३०

आम्ही काल शेतात होतो, रेंज नव्हती, आत्ता वाचलं. भज्जीचा डबा बाजूला ठेवून आख्ख्या घराला वाचून दाखवलं. आजोबा म्हणाले, "भूतानात बी येळवस असते व्हय!"


जालनेकरीण
२३ डिसेंबर, संध्याकाळी ६.२०

काकू!! तातडीचं. अनारसे हसायलेत! पहिला कढईत टाकला तर आधी जाळी पडली, मी टाळी वाजवणार इतक्यात कडेकडेने सुटत गेला आणि बघता बघता तुपात नुसती वाळू. दुसराही हसला. तिसराही. धाकटा टाळ्या पिटतोय. तूप तीनदा गाळलं. काय करू?


परभणीची_काकू
२३ डिसेंबर, संध्याकाळी ६.२६

मला वाटलंच होतं. गूळ जास्त. घाबरू नकोस. कोरडं तांदळाचं पीठ आहे का? नुसते तांदूळ मिक्सरवर फिरव, चाळ, त्यातलं मूठभर या गोळ्यात मळ. जोर नको. अर्धा तास ठेव. मग एकच छोटा करून बघ. विस्तव मंद, तूप फार नको. खसखशीची बाजू वर. उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचं. काढला की चाळणीत उभा ठेवायचा. मी इथेच बसलेय.


बालाघाट
२३ डिसेंबर, संध्याकाळी ६.४०

काय झालं?


दुबईकर_अंबडचा
२३ डिसेंबर, संध्याकाळी ६.५५

मी पण थांबलोय. बायको पण.


नांदेडची_लेक
२३ डिसेंबर, संध्याकाळी ७.१०

नवरा विचारतोय कोणाचा स्कोअर बघतेयस.


जालनेकरीण
२३ डिसेंबर, संध्याकाळी ७.३४

राहिला!!!


जालनेकरीण
२६ डिसेंबर, दुपारी १२.१५

सगळ्यांना नाताळाच्या शुभेच्छा, एक दिवस उशिरा.

एकूण एकोणतीस अनारसे झाले. अकरा हसले ते वेगळे. ते फेकले नाहीत, ह्यांनी दुधात घालून खाल्ले.

२५ ला सकाळी सर्वधर्मस्थळात उपासना झाली. एकाच छताखाली सगळ्यांचे देव, एका कोपऱ्यात आमचा क्रूस. ज्या धर्माचे जवान पुरेसे असतात त्याचा धर्मगुरू पलटणीला मिळतो. आम्ही मोजून सहा कुटुंबं, दोन केरळची, तीन ईशान्येकडची आणि एक जालन्याचं, म्हणून आमचा पाळक नाही. वाचन ह्यांनी केलं, मराठीतून, कारण ह्यांना तेच येतं. मिझो कुटुंबाने त्यांच्या भाषेत गायलं, चौघेच, पण चार सुरांत. गव्हाणी पंडितजींनी बांधून दिली. गवत कुठलं कोरडं मिळेल ते त्यांनाच माहीत. मेंढरं थोरलीने कापसाची केली, त्यातलं एक याक आहे.

रात्रीची ड्युटी बाकीच्यांनी घेतली. दिवाळीला ह्यांनी घेतली होती. दुपारी सगळ्यांसाठी बडा खाना. संध्याकाळी घरी मी याकच्या सुक्या मटणाला येसर लावला. पाणी इथे लवकर उकळतं पण शिजत काही नाही, कुकरला सात शिट्ट्या दिल्या. आंगे आल्या होत्या. अनारसा हातात धरून उजेडाकडे केला, जाळीतून बघितलं आणि सावकाश खाल्ला. मग ह्यांना विचारलं की हे कसं करतात. हे सांगायला लागले, "पहले चावल को बुखार आने दो," आणि थोरली इतकी हसली की तिला उचकी लागली.

नऊ वाजता, म्हणजे जालन्याचे साडेआठ, घरी फोन लावला. नेटवर्क तुटत होतं. मागे ढोलकी ऐकू येत होती, फेरी आमच्या दारात आली असावी. सासूबाईंना सांगितलं की अकरा हसले. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. त्या म्हणाल्या, "हसू दे. माझेबी समदे हसले होते, हा झाला त्या साली."

हे मागून ओरडले, "हा म्हणजे कोणता?"